चांदीचा रोजा

दुपारचं सगळं निपचित असताना जर्मनच्या ताटलीत टक्‌ असा आवाज झाला.

रमजानचा बारावा रोजा होता. अम्मा, म्हणजे माझ्या सासूबाई, नमाज पढून आतल्या खोलीत पडल्या होत्या. गौस पाळण्यात, मदिना चटईवर, दोन्ही मुलं झोपलेली. गल्लीतसुद्धा कुणी कुणाला हाक मारत नव्हतं. मी भिंतीला टेकून शर्टांची काजं करत होते. आवाज आला म्हणून मान वर केली, तर आमची मांजर चांदी आदल्या संध्याकाळच्या ताटलीपाशी उभी. तोंडातून पडलेला खिम्याचा वाळलेला गोळा तिच्यासमोर होता. तिनं तो परत उचलला. मान एका बाजूला कलती केली, कुणी कानात काही सांगत असावं तशी. जबडा दोनदा हलला, आणि परत टक्‌.

तिनं माझ्याकडं बघितलं.

पुढं मी काय केलं ते लिहायला म्हणून तर बसलेय, गौस उठायच्या आत. मी उठले. पाय न वाजवता गेले आणि तिच्यासमोरची ताटली उचलून वरच्या फळीवर ठेवली.

कारण चांदीचा रोजा होता.

चांदी माझ्या माहेरची. माझे अब्बा हुपरीत चांदीची पैंजणं जोडायचं काम करतात. त्यांच्या भट्टीमागं मांजर व्याली, त्यातलं राखेच्या रंगाचं एक पिल्लू मदिना हातातून सोडेना, म्हणून घेऊन आले. "माहेरनं बायका सोनं आणत्यात, हिनं मांजार आणलं," अम्मा सगळ्यांना सांगायच्या. "त्ये बी नाव चांदी. म्हंजे लेकीला चांदी दिली म्हणायला मोकळं!" हे तीन वर्षं चाललं होतं. हसण्यावारी न्यायचं म्हणून मीही हसायची. पण अब्बांचा काळवंडलेला अंगठा आठवला की हसू मध्येच अडकायचं.

मदिनाच्या अब्बांचं 'दिलदार टेलर' म्हणून दुकान आहे. यंदा दिवाळी आणि रमजान पाठोपाठ आले. दिवाळीचे कपडे गेले न गेले तोवर ईदचे आले. काजं, बटणं, तुरपाई, सगळं घरी माझ्याकडं. अम्मांच्या बहिणीच्या पोराच्या टाचेत एकदा सुई मोडून राहिली होती, तेव्हापासून आमच्या घरात एक रीत आहे. संध्याकाळी अजानीआधी अम्मा सुयांची गादी हातात घेतात आणि विचारतात, "सुया?" मी म्हणायचं, "सात." मगच इफ्तारची ताटं मांडायची.

गौस आठ महिन्यांचा, अंगावर पिणारा. त्यामुळं मला रोजे माफ होते, नंतर सवडीनं भरून द्यायचे. "खा की बाई, पोराचं दूध तुटंल," अम्माच म्हणायच्या. आणि थोडं थांबून, "आमी पाजून बी धरलं, ती गोष्ट येगळी." म्हणून मी स्वयंपाकघरात पडदा ओढून चार घास घाईघाईनं खायची. नळ अंगणात. भरदुपारी ओल्या तोंडानं नळावर कुणाला दिसायला नको, म्हणून बोटं पदराला पुसून तशीच कामाला बसायची. त्या पडद्याआड माझ्यासोबत एकच जीव असायचा, चांदी. एक घास मला, एक तिला. ती खाते म्हणून मला खाताना एकटं वाटायचं नाही.

तिसऱ्या रोज्याला एक सुई हरवली. अंजिरी रंगाची एक शेरवानी होती, तिच्या काजांना त्याच रंगाचा रेशमी दोरा. पडद्याआडून उठून आले, दोरा ओठांत धरून ओला केला, ओवला, तेवढ्यात गौस रडला. सुई दोऱ्यासकट शेरवानीवर ठेवून त्याला घ्यायला गेले. परत येऊन बघते तर सुई नाही. गौस नुकता रांगायला लागला होता. दुकानातला जुना लोहचुंबक घरी होता, तो दोरीला बांधून सगळ्या फरशीवर फिरवला. शेरवानी झटकली, केरसुणी उलटीपालटी केली. सुई मिळाली नाही.

संध्याकाळी अम्मांनी विचारलं, "सुया?"

"सात," मी म्हणाले. आणि सातच होत्या. माझ्या लग्नातल्या पेटीतली एक काढून मी गादीत टोचून ठेवली होती.

पुढं चार दिवस गौसचा प्रत्येक लंगोट उजेडात धरून बघितला. पोराला काही झालं नाही. मी अल्लाचा शुक्र मानला आणि सुई विसरले.

पाचव्या रोज्याला दुपारी चांदी पडद्याआड आली, पण माझ्याकडं पाठ करून बसली. घास पुढं केला तर हुंगून मागं सरली. संध्याकाळी मात्र अम्मांनी अजानीनंतर दूध ठेवलं, तर थोडं थोडं चाटलं. असं दोन दिवस झालं आणि अम्मा ओरडल्या, "अगं बया! हिचा रोजा हाय की!"

पहिल्यांदा तो विनोदच होता. मदिनाचे अब्बा म्हणाले, "मग ईदीला हिला बी एक झगा शिवावा लागंल." पण विनोद गल्लीत गेला आणि परत आला तेव्हा त्याचा विनोद राहिला नव्हता. शेजारची खैरूनबी आपल्या पोराला घेऊन बघायला आली. "बघ, मुकं जनावर हाय, आणि तू धा वाजता बिस्कुट मागतुयास." मग दुसऱ्या गल्लीतल्या बायका आल्या. शिलाई मशिनीमागच्या कोपऱ्यात चांदी पाय पोटाखाली घेऊन, डोळे अर्धे मिटून बसलेली असायची आणि घुरघुरायची. "तस्बीह पढती, अल्लाचं नाव घेती," अम्मा हलक्या आवाजात सांगायच्या, आणि बायका डोक्यावरचा पदर सारखा करायच्या.

आणि एके दिवशी सगळ्यांसमोर अम्मा म्हणाल्या, "हुपरीच्या घरचं वळण हाय बाई. आमच्या जरीनाच्या माहेरचं. जनावराला बी लागलंय."

लग्नाला सहा वर्षं झाली होती. माझ्या माहेराचं नाव अम्मांच्या तोंडून असं कधी आलं नव्हतं. मी चहाचे कप विसळत होते. हातातला कप तसाच धरून उभी राहिले. त्या रात्री मनात आलं, अब्बांना पत्र लिहून हे कळवावं.

म्हणून मी ताटली उचलली. अम्मा उठल्या असत्या आणि चांदीला भरदुपारी खाताना बघितलं असतं, तर रोजाही मोडला असता आणि माझ्या माहेराचं वळणही. खरं तर ती खातच नव्हती, खायला बघत होती. ते मला दिसत होतं. अम्मा मुलांना एक गोष्ट सांगायच्या, मांजर बांधून ठेवून उपाशी मारल्यामुळं जहन्नमात गेलेल्या एका बाईची. ताटली फळीवर सरकवताना ती गोष्ट मला आठवली. मनात म्हणाले, त्या बाईनं मांजर बांधलं होतं. मी कुठं बांधलंय?

दुसऱ्या दिवशी सकाळी विठाबाई दूध घालायला आली. ती गंगावेशीत दुधाच्या कट्ट्यावर म्हशी बांधणारी, जनावरात जन्म गेलेली. दारात टेकून तिनं चांदीकडं बघितलं.

"ह्ये काय गं, अंगावरची लव अशी चिप्पाडावानी का झालीया?"

"रोजा आहे तिचा," मी म्हणाले. आणि स्वतःचाच आवाज मला ऐकवेना.

विठाबाई मापातलं दूध ओतून म्हणाली, "तुमच्या धर्मातलं मला काय कळतंय बाई. पर जनावर खाणं सोडतंय म्हंजे पोटात न्हाईतर तोंडात कायतरी असतंय." मी दुधाचं पातेलं आत नेऊ लागले, तशी तीच वरमली. "ऱ्हाऊ दे. म्हसरांचं बोलली मी."

ती गेल्यावर मी चांदीकडं नीट बघितलं. मांजर सकाळी उठलं की पंजा ओला करून तोंड पुसतं, कानामागून पुढं. त्याला आमच्यात वजू करणं म्हणतात, नमाजाआधी हात-तोंड धुतात तसं. चांदीच्या वजूला मदिना पाणी आणून ठेवायची, इतकी ती नेमाची होती. किती दिवसांत तिनं वजू केला नव्हता? रोजा धरणारी वजू का सोडेल? हे मला त्या सकाळी सुचलं, आणि मी गौसला पाजायला बसले. खिडकीच्या कट्ट्यावर उडी मारायची तिनं बंद केली होती, तेव्हा अम्मा म्हणाल्या होत्या, शहाणी झाली. हनुवटीखाली लाळेनं केस चिकटले होते, त्याला खैरूनबीनं तहान म्हटलं होतं. प्रत्येक गोष्टीला आम्ही एकेक चांगलं नाव देऊन ठेवलं होतं.

चौदाव्या रोज्याला मदिना म्हणाली, "अम्मी, चांदीच्या तोंडाला घाण वास येतोय. आणि ती मला गाल घासत न्हाई आता." आणि तिनंच चांदीच्या गालावर हात ठेवला. तीन वर्षांत जिनं पोरीला नख दाखवलं नव्हतं तिनं ओरबाडलं. मनगटावर तीन लाल रेघा उमटल्या.

"रोजेदाराला छेडू न्हाई म्हणून सांगितलंय न्हवं!" अम्मा कडाडल्या. मदिना रडली नाही. हात फ्रॉकमागं लपवला.

दुपारी अम्मा निजल्यावर मी चांदीला मांडीवर घेतलं, खिडकीतल्या उन्हाकडं तिचं तोंड केलं आणि जबडा उघडला. तिनं उघडू दिला. तिनं झटापट केली नाही, याचीच मला भीती वाटली. हिरड्या लालभडक, लाळेच्या तारा. जिभेखाली काहीतरी गडद रेघ होती. आधी शीर वाटली. नखानं जरा उचलली, तर चांदीचं सगळं अंग ताठ झालं. तो दोरा होता. अंजिरी.

गौसचे लंगोट मी उन्हात धरून बघितले होते. फरशीवर चुंबक फिरवला होता. घरात आणखी एक तोंड आहे, हे माझ्या मनातही आलं नव्हतं. आणि दोऱ्याला खिम्याचा वास माझ्याच बोटांचा होता, माझ्या ओठांचा. लपून खाल्लेल्या घासाचा.

पिशवीत चांदीला ठेवलं, वर काज केलेले चार शर्ट पसरले, मदिनाला उठवलं. अम्मांना हाक मारून म्हणाले, "काजं झालीत, दुकानात देऊन येतो. गौसकडं बघा."

"मांजार कुठं हाय?" अम्मा आतून म्हणाल्या. "सांजच्याला बायका यायच्यात."

"असेल इथंच कुठंतरी," मी म्हणाले. खांद्यावरची पिशवी घुरघुरत होती.

दुकानात मदिनाच्या अब्बांनी माझा चेहरा बघितला आणि हातातली कात्री खाली ठेवली. मी पिशवी उघडून दाखवली. मी एवढंच म्हणाले, "सुई." ते रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी पिशवी घेतली आणि म्हणाले, "चला."

जनावरांच्या दवाखान्यापुढं म्हशींची रांग. आमच्या हातातली पिशवी आणि त्यातून डोकावणारे कान बघून एक फेटेवाला म्हणाला, "काय पावणं, किती लिटर देती?" सगळी रांग हसली. मदिनाचे अब्बाही ओशाळं हसले. पण त्याच फेटेवाल्यानं चांदीचं तोंड बघितलं आणि आपली म्हैस मागं ओढून आम्हाला वाट दिली.

कंपाउंडर बाळासोंनी तिला पोत्यात गुंडाळून धरलं. डॉक्टरांचे हात म्हशी बघणारे, थोराड. पण त्या हातांनी त्यांनी जबडा असा उघडला की चांदीनं श्वास सोडला. बॅटरी लावून बघितलं. "जिभंच्या मुळात सुई हाय. लई दिवस झाल्यात. समदं पिकलंय." चिमटा आत गेला. मदिना माझ्या साडीत तोंड लपवून उभी होती. मी मात्र डोळे मिटायचे नाहीत असं ठरवून बघत राहिले. सुई काळी पडून बाहेर आली, तिच्यामागं वीतभर दोरा.

"ह्यो आतड्यात उतरला असता तर संपली हुती," डॉक्टर म्हणाले. इंजेक्शन भरता भरता ते विचारत गेले. लाळ गळत होती का? अंग चाटायचं सोडलं होतं? उडी मारत नव्हती? पाय पोटाखाली घेऊन, डोळे बारीक करून एका जागी बसायची? घास तोंडातून पडायचा?

प्रत्येकाला मी "व्हय" म्हणाले.

त्यांनी माझ्याकडं बघितलं. "म्हंजे समदं दिसलं की तुमास्नी."

"घुरघुरत होती," मी म्हणाले. "म्हणून वाटलं, बरी आहे."

"दुखताना बी घुरघुरतंय मांजार. पोरगं कसं, कुणी घेतलं न्हाई की आपलाच अंगठा चोखत पडतंय, तसं. म्हस हंबरती, कुत्रं केकाटतंय. ह्ये जनावर गप ऱ्हातंय. आपुन बघायचं असतंय, बाई."

रोज्याचं आम्ही दोघांनीही त्यांना सांगितलं नाही.

परतताना मदिनाच्या अब्बांनी कागदात गुंडाळलेली सुई खिशातून काढली. "अम्माला काय सांगायचं? माशाचा काटा हुता म्हणू. ही गटारीत टाकतो, कुणाला कळायचं न्हाई." त्यांना मला वाचवायचं होतं. आणि मी पाच-सहा पावलं काही बोलले नाही, ती पाच-सहा पावलं मला अजून मोजता येतात. मग मी हात पुढं केला. त्यांनी कागद माझ्या हातावर ठेवला.

घरी खैरूनबी आणि आणखी दोघी येऊन बसल्या होत्या. चांदीसाठी ताटलीत खजूर भिजवून ठेवला होता. "कुठं गेलतीस हिला घिऊन?" अम्मा म्हणाल्या. "अजानीला घटका ऱ्हायली." आणि बोलता बोलता सवयीनं गादी हातात घेतली. "सुया?"

"आठ," मी म्हणाले.

कागद सोडला आणि काळी सुई दोऱ्यासकट गादीत टोचली. चांदीच्या तोंडाला औषध लावलेलं होतं. खजूर तिच्यासमोर होता आणि ती त्याच्याकडं बघतही नव्हती.

अम्मांनी दोरा बोटावर घेतला. "कवापासनं?"

"तिसऱ्या रोज्यापासनं."

"आणि रोज सात म्हणत हुतीस."

"व्हय."

खैरूनबी पोराला उचलून उठली. "अजान हुईल, जाते बाई." तिच्यामागून दोघीही गेल्या. जाताना कुणी चांदीकडं बघितलं नाही.

अम्मा मला काहीतरी बोलतील म्हणून मी उभी राहिले. पण त्या गुडघ्यावर हात टेकून उठल्या, वाटीत दूध घेतलं, कापसाची वात केली आणि चांदीच्या शेजारी फरशीवर बसल्या. स्वतःच्या तोंडात दिवसभर पाणी नव्हतं. एकेक थेंब तिच्या ओठाच्या कडेला सोडत राहिल्या. अजान झाली तरी उठल्या नाहीत.

"उपाशी जीव," त्या म्हणाल्या, माझ्याशी नव्हे. "आणि मी साऱ्या गल्लीला दावत हुतो."

त्यानंतर दोन दिवस त्या बाहेरच्या ओट्यावर बसल्या नाहीत. सुईचा दोष त्यांनी कुणापुढं काढला नाही. अब्बांना पत्र मी लिहिलं नाही. आणि ताटलीचं मी अजून कुणालाही सांगितलेलं नाही, मदिनाच्या अब्बांनासुद्धा नाही. इथं पहिल्यांदाच लिहिलं.

आज सकाळी चांदीनं वजू केला. पंजा ओला करून, कानामागून पुढं, एकदाच, मग दमून थांबली. मी बघत होते. आता मी सारखी बघत असते. ती माझ्याकडं येत नाही, अम्मांच्या पायाशी बसते. ते तिचं बरोबरच आहे.

मदिना मात्र दिसेना, म्हणून शोधलं, तर शिलाई मशिनीमागच्या कोपऱ्यात, चांदीच्या जागेवर. पाय पोटाखाली घेतलेले, डोळे अर्धे मिटलेले, ओरबाडलेला हात दुसऱ्या हातानं झाकलेला.

"काय गं, काय चाललंय?"

"मी काय बोलणार न्हाई," ती म्हणाली. "तू बघूनच सांग, मला कुठं दुखतंय."

मी खाली बसले. हाताकडं बघितलं, रेघा सुकत आल्या होत्या. कपाळावर तळवा ठेवला. "भूक लागलीय?" तिनं नाही म्हणून मान हलवली. "पोटात दुखतंय?" पुन्हा मान हलवली. तिचा श्वास बघितला, पापण्या बघितल्या, ओठांची कड बघितली. माझीच पोर, मीच न्हाऊ-माखू घातलेली. मला काही दिसेना.

"हरलो गं. आता तूच सांग."

तिनं एक डोळा किलकिला केला.

"अम्मी, आणि मी कधी सांगितलंच न्हाई, तर?"